नोंदीनंतरचे कर्तव्य

वैशाखाचे ऊन भरात असते, परीक्षांचे दिवस सरत आलेले असतात, आणि अशात दरवर्षी १२ मे ही तारीख येते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हा जन्मदिवस. १८२० साली ज्या शहरात त्या जन्मल्या, त्या शहराचेच नाव त्यांना मिळाले, आणि १९७४ पासून त्यांचा हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जाऊ लागला. आपल्याकडेही या सकाळी रुग्णालयाच्या दारात रांगोळी उमटते, नाइटिंगेलबाईंच्या तसबिरीला हार घातला जातो, नव्या विद्यार्थिनी हातात पेटता दिवा घेऊन सेवेची शपथ घेतात, चार कौतुकाचे शब्द बोलले जातात आणि ड्युटीची वेळ होताच सगळ्याजणी आपापल्या वॉर्डाकडे वळतात. या सोहळ्यात वावगे काहीच नाही. मात्र आपल्या रीतीभातींनी सणाच्या दिवसाला आनंदाबरोबर हिशेबाचेही काम नेमून दिले आहे. पाडव्याला आपण नवी वही उघडतो, दसऱ्याला पाटीपुस्तके आणि अवजारे पुजतो, आणि त्या निमित्ताने वर्षभर ज्यांच्या आधाराने चाललो त्यांची अवस्था एकदा नजरेखालून घालतो. परिचारिका दिनीही असा एक हिशेब मांडायला हवा. उद्या आपल्या उशाशी उभ्या राहणाऱ्या या मुलामुलींना आपण पुष्कळ काही शिकवतो. पण शिकवणारे कुणी जवळ नसेल तेव्हा स्वतःहून शिकण्याची त्यांची तयारी कितपत झाली आहे?

हा प्रश्न सोबत घेऊन आज आपण जरा दूर, कावेरीच्या काठी जाऊ. तंजावरच्या उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर तिरुवैयारु आहे. पाच नद्यांचा हा मुलूख, आणि त्या पाच नद्यांचा धनी म्हणून गावात उभे असलेले ऐयारप्परांचे, आपल्या भाषेत पंचनदीश्वराचे, पुरातन देऊळ. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे दरवाजे कुरुवै भातासाठी उघडण्याची रूढ तारीख १२ जून, त्यामुळे मे महिन्यात इथल्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. पण गाव मात्र याच दिवसांच्या आगेमागे सप्तस्थानाच्या उत्सवाने गजबजते. ऐयारप्परांची पालखी शेजारच्या सहा गावांतून फिरून येते. नंदीच्या लग्नात कुणी अन्न दिले, कुणी फुले, कुणी तूप, कुणी वेदपाठक पाठवले, त्या साऱ्यांकडे देव स्वतः जाऊन येतात अशी तिथली श्रद्धा आहे. एका घरचे कार्य सात गावांनी उचलायचे, हा त्या मातीचा स्वभाव.

मराठी माणसाला तिरुवैयारुचे नाव मुख्यतः त्यागराजांमुळे ठाऊक असते. १७६७ साली जन्मलेल्या आणि १८४७ साली इथेच देह ठेवलेल्या या संतसंगीतकाराची आराधना दरवर्षी पौष वद्य पंचमीला कावेरीकाठच्या समाधीपाशी होते. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतल्या पंचरत्न कृती शेकडो गायक-वादक एकत्र बसून म्हणतात. त्यातल्या वराळीबद्दल कर्नाटक संगीतात एक जुना संकेत आहे. हा राग गुरूने शिष्याला समोर बसवून शिकवायचा नाही, शिष्याने तो ऐकून ऐकून आपला आपण आत्मसात करायचा. समोर बसवून शिकवला तर गुरुशिष्यांत दुरावा येतो, असे मानतात. त्या समजुतीचे मूळ काहीही असो. पंचमीच्या सकाळी वराळीतली कृती सुरू होते तेव्हा ती म्हणणाऱ्या कितीतरी कंठांत ती अशी न शिकवता आलेली असते. जे शिकवले जात नाही तेही शिकलेच पाहिजे, आणि त्यासाठी कान, चिकाटी आणि स्वतःची चूक स्वतःला ऐकू येण्याइतकी जाग हवी, हे तिरुवैयारुला फार पूर्वीपासून माहीत आहे.

या गावाशी आपले आणखीही एक नाते आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला भोसल्यांचे राज्य उभे केले, आणि त्या घराण्यातले दुसरे सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. हाती किल्ला आणि भोवतालचा थोडा परिसर उरला. सत्ता गेलेल्या राजाने काय करावे? सरफोजींनी शिकायला घेतले. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या हाताखाली लहानपणी लागलेली वाचनाची गोडी त्यांनी आयुष्यभर जोपासली, सरस्वती महाल ग्रंथालय देशोदेशींच्या ग्रंथांनी समृद्ध केले, देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ साली त्यातून ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापून काढले. धन्वंतरी महालात वैद्य आणि हकीम यांना एकत्र आणून औषधे पारखून घेतली. आणि या सगळ्यांत आजच्या दिवशी आठवावी अशी गोष्ट म्हणजे त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी. रुग्ण कोण, तक्रार काय, डोळा कसा दिसतो याचे रंगीत चित्र, कोणता उपचार केला आणि त्याने गुण आला की नाही, असे सारे त्या कागदांवर आहे. कुणी परीक्षा घेणार नव्हते, पदवी मिळणार नव्हती. तरीही आपल्या हातून झालेल्या उपचाराचे पुढे काय झाले, हे राजाला जाणून घ्यायचे होते.

तंजावरच्या मराठी राज्यातल्या छत्रांचीही इथे आठवण होते. रामेश्वराच्या वाटेवर ठिकठिकाणी ही अन्नछत्रे होती. १८०१ साली सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला पाठवलेल्या पत्रात त्यांचे सविस्तर वर्णन आहे. जातपात न पाहता वाटसरूंना जेवण मिळे, आणि मध्यरात्री घंटा वाजवून, कुणी उपाशी राहिले असेल तर त्याने यावे, अशी हाक दिली जाई. छत्रात शिक्षक असत आणि वैद्यही असत. आजारी पडलेल्या प्रवाशाला औषध आणि पथ्याचे अन्न मिळे आणि तो बरा होईतो त्याची आदराने, मायेने देखभाल होई. अवघडलेल्या बाईच्या बाळंतपणाची सोय होई, तान्ह्या मुलांना दूध मिळे, अनाथ मुलांचे संगोपन शाळामास्तरांकडे सोपवलेले असे. पाठशाळा आणि रुग्णसेवा एकाच छपराखाली नांदत होत्या. छत्रांच्या त्या देणग्यांचा वारसा तिरुवैयारुच्या संस्कृत-तमिळ महाविद्यालयापर्यंत येऊन पोहोचला. तंजावरातले राजा मिरासदार रुग्णालय राजघराण्याच्या आणि मिरासदारांच्या दातृत्वाची खूण नावातच बाळगून आहे. आज या भागातल्या खेड्यांतून सकाळच्या बसने कितीतरी मुली परिचर्येचे शिक्षण घ्यायला तंजावरची वाट धरतात. शिक्षण आणि शुश्रूषा यांची जी गाठ या भूमीत दोन शतकांपूर्वी बांधली गेली, तिचे दुसरे टोक आज त्यांच्या हातात आहे.

आता आपल्या काळाकडे वळू. शिकणाऱ्याने आपली गरज आपण ओळखावी, उद्दिष्ट आपण ठरवावे, साधने शोधावीत आणि शिकून झाल्यावर आपली पारखही आपणच करावी, या शिक्षणविचाराला १९७० नंतर जगात मोठी चालना मिळाली. अमेरिकेतील माल्कम नोल्स यांनी १९७५ साली त्यावर मार्गदर्शक पुस्तक लिहिले. दोनच वर्षांनी ल्युसी गुग्लिएल्मिनो यांनी आपल्या प्रबंधासाठी अशा स्वयंअध्ययनाची तयारी मोजणारी श्रेणी तयार केली. ती सर्वसाधारण शिकणाऱ्यांसाठी होती. परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी खास श्रेणी २००१ साली ऑस्ट्रेलियातून आली. मरे फिशर, जेनिफर किंग आणि ग्रेस टेग यांच्या या श्रेणीत ४० विधाने आहेत. त्यांतली १३ स्वतःच्या अभ्यासाच्या व्यवस्थापनाविषयी, १२ शिकण्याच्या ओढीविषयी आणि १५ स्वतःवरच्या ताब्याविषयी. प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते ते एक ते पाच या अंकांत सांगायचे. बेरीज ४० ते २०० च्या दरम्यान येते, आणि १५० च्या वर गेल्यास तयारी बरी आहे असे समजतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ही श्रेणी देशोदेशींच्या परिचर्या महाविद्यालयांत वापरली गेली आणि आपल्याकडेही अध्यापक व संशोधक ती वापरतात.

वर्गात या श्रेणीचा कागद वाटला जातो ती वेळ कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. पंख्याखाली कागद फडफडू नयेत म्हणून त्यांवर कंपास ठेवलेले. मी माझा वेळ नीट आखते का, नवे काही कळले की मला आनंद होतो का, माझे काम मी स्वतः तपासते का, टीका मोकळ्या मनाने ऐकते का, अशा आशयाची विधाने एकाखाली एक. एखादी मुलगी पेन उचलते, थबकते, शेजारणीच्या कागदाकडे हळूच पाहते आणि शेवटी विचारते, “मॅडम, यात बरोबर उत्तर कोणतं?” यात बरोबर-चूक काही नाही, तुझे तूच सांगायचे, असे समजावल्यावरही तिचा चेहरा निवळत नाही. बारा-तेरा वर्षे ती ज्या शाळांतून आली तिथे प्रत्येक प्रश्नाला कुणीतरी आधीच ठरवलेले उत्तर होते, आणि ते जसेच्या तसे उतरवणे हीच हुशारी होती. आज पहिल्यांदा कुणीतरी तिला तिच्याबद्दल विचारले आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये नाही. बेरीज करण्याआधीच त्या कागदाने आपल्याला पुष्कळ काही सांगितलेले असते.

कुणी विचारील, परिचारिकेला या तयारीची एवढी निकड का? डॉक्टरांनी सांगितलेले नीट केले की झाले. तर एक अगदी रोजची गोष्ट घेऊ. आपल्या देशात इन्सुलिनच्या कुपीत बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, आणि तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. १०० युनिटचे इन्सुलिनही मिळते, आणि त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. रात्री दोन वाजता वॉर्डात एका हाती ४० ची कुपी आली आणि दुसऱ्या हाती नारिंगी टोपणाची सिरिंज आली, आणि केस पेपरवर २० युनिट लिहिलेले पाहून विद्यार्थिनीने विसाच्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर रुग्णाला मिळतात फक्त ८ युनिट. उलट अदलाबदल झाली, तर त्याच विसाच्या रेघेवर ५० युनिट शरीरात जातात आणि पहाटेपर्यंत रुग्णाची साखर धोक्याच्या खाली उतरू शकते. कुपीवरची बारीक अक्षरे आणि सिरिंजवरच्या रेघा यांचा मेळ बसत नाही, हे ज्या हाताला जाणवते आणि जो हात थांबून पुन्हा वाचतो, त्या हाताने जीव वाचतो. हे थांबणे पाठांतरातून येत नाही. ‘मला हे नक्की कळले आहे का?’ असे स्वतःला विचारायची सवय लागली असेल तरच ते येते.

शिवाय शिकलेले ज्ञान जुनेही होते. कोसळलेल्या माणसाची आधी श्वासनलिका मोकळी करा, मग श्वास द्या, मग छाती दाबा, असे वर्षानुवर्षे शिकवले जात होते. २०१० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने हा क्रम बदलून छाती दाबणे पहिल्या स्थानी आणले, आणि ज्यांनी जुना क्रम तोंडपाठ केला होता त्यांना तो विसरून नवा अंगवळणी पाडावा लागला. नाइटिंगेलबाईंच्या जन्माला दोनशे वर्षे होतात म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केले, आणि नेमके त्याच वर्षी कोविड आला. कोणत्याही अभ्यासक्रमात नसलेला आजार होता तो. पीपीई किट घालण्या-काढण्याचा क्रम, रुग्णाला पालथे झोपवून त्याचा प्राणवायू वाढवण्याची रीत, अनोळखी व्हेंटिलेटरची बटणे, हे सारे आपल्या परिचारिकांनी काही आठवड्यांत एकमेकींकडून, मोबाइलवरच्या चित्रफितींवरून आणि अनुभवातून शिकून घेतले. आपण गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवल्या त्या त्यांच्या धैर्यासाठी होत्या. त्या धैर्याच्या आत शिकत राहण्याची जी ताकद होती, तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेले नाही.

म्हणून ही तयारी मोजणे योग्यच आहे. प्रश्न उरतो तो मोजल्यानंतर काय, हा. आपल्याकडे आकडा हाती आला की गुणवत्ता यादी लावायची आपल्याला घाई होते. १५० च्या वरच्या हुशार, खालच्या मठ्ठ, असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. परिचर्येच्या विद्येला हे शोभत नाही, कारण या विद्येने मोजमापाची फार वेगळी शिकवण दिलेली आहे. वॉर्डातला टीपीआरचा तक्ता आठवून पाहा. दर चार तासांनी ताप, नाडी आणि श्वास यांची नोंद होते. तापाची रेघ वर चढलेली दिसली म्हणून कुणी रुग्णाला रागे भरत नाही. कपाळावर ओली घडी ठेवली जाते, डॉक्टरांना कळवले जाते, कारण शोधले जाते आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजले जाते. नोंद केली, की नोंद करणाऱ्यावर पुढच्या कृतीची जबाबदारी आली. विद्यार्थिनीच्या तयारीचा आकडाही आपण याच तक्त्यावर लिहायला हवा. तो कमी आला तर शिक्षकाला काहीतरी करावे लागेल, आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजावे लागेल.

स्वतः नाइटिंगेलबाईंचे मोठेपण यातच होते. क्रिमियाच्या युद्धातल्या मृत्यूंचे आकडे त्यांनी वर्तुळाच्या पाकळ्यांत मांडून दाखवले. सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मरत आहेत, हे त्यातून राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत भरले, आणि मग बराकी, गटारे, पाणी यांत सुधारणा करण्यासाठी त्या उरलेले आयुष्य झगडल्या. हिंदुस्थानातल्या आरोग्याची आणि पाटबंधाऱ्यांची चिंता त्यांनी लंडनच्या खोलीत बसून वाहिली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला. सरफोजीराजांच्या नेत्रनोंदींतही हाच धागा आहे. उपचाराचा परिणाम लिहून ठेवायचा तो पुढचा रुग्ण अधिक चांगला बरा व्हावा म्हणून.

मग आपल्या विद्यार्थिनींची तयारी कमी पडते तेव्हा तिची कारणे कुठे शोधायची? तंजावर जिल्ह्यातली मुलगी तमिळ शाळेतून येते, आपल्याकडची जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून. दोघींच्या हातात पहिल्याच आठवड्यात शरीरशास्त्राचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ पडतो. बुद्धी तीच असते, पण वाचण्याचा वेग अचानक चौथाईवर येतो, आणि मग सिनिअरच्या नोट्स उतरवून घेणे हाच एक मार्ग दिसतो. वॉर्डात माणसे अपुरी असली की शिकायला आलेली मुलगी शिकण्याऐवजी कामाला जुंपली जाते. चादरी बदलणे, नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, नोंदवह्या भरणे यांत तिची पाळी संपते. तिने ‘हे औषध का?’ असे विचारले, तर ‘सांगितलेलं कर’ हे उत्तर तिने पुष्कळदा ऐकलेले असते. ड्युटी संपवून ती वसतिगृहात परतते तोवर ग्रंथालयाला कुलूप लागलेले असते. अशा दिनक्रमातून जी मुलगी शिकण्याची ओढ शाबूत ठेवून बाहेर पडते तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण जिची ओढ मावळते, तिच्या कागदावरचा कमी आकडा तिच्याइतकाच तिच्या महाविद्यालयाचा आणि रुग्णालयाचाही आहे. आणि एखाद्या आज्ञाधारक वर्गात सगळ्यांनीच भराभर पाच-पाच लिहून टाकले असतील, तर त्या उंच बेरजेवरही शिक्षकाने निश्चिंत होऊ नये. नाव न लिहिता, गुणांशी संबंध न लावता भरलेला कागदच खरे बोलतो.

या शिक्षणाच्या दाराशी आपल्या बायकांना सहज कुणी येऊ दिले नव्हते, हेही आज आठवावे. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. त्यांच्या हाती पदवी नव्हती. करुणा होती आणि जे दिसले त्यातून शिकत राहण्याची हिंमत होती. पुढे १९११ च्या सुमारास रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवण्याचा उपक्रम सुरू केला, तेव्हा परक्या माणसांच्या अंगाला हात लावण्याचे काम कुलीन घरच्या बायकांनी करायचे का, या कुजबुजीला त्यांना तोंड द्यावे लागले. तिरुवैयारुलाही एके काळी त्यागराजांच्या समाधीपुढे गाण्याची स्त्रियांना मुभा नव्हती. बेंगळुरु नागरत्नम्मा यांनी आपली कमाई खर्चून समाधीचे मंदिर बांधले, स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली आणि १९४१ मध्ये सर्व गट एकत्र आले तेव्हा तो अधिकार मिळवला. ज्या विद्या बायकांनी अशा झगडून मिळवल्या, त्यांत त्यांच्या नातींनी नुसत्या सांगकाम्या होऊन राहावे, हे त्या पूर्वजांच्या कष्टांना साजेसे नाही.

कायद्याने आपला वाटा उचलायला सुरुवात केली आहे. २०२१ पासून बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सत्रपद्धतीचा झाला आणि त्यात स्वयंअध्ययनाला वेळ राखून ठेवला गेला. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना १५० तासांचे निरंतर शिक्षण दाखवावे, असा दंडक भारतीय परिचर्या परिषदेने घातला. १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या आणि सुईण आयोगाचा कायदा आला. ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र तास भरणे आणि शिकणे यांत अंतर आहे हे प्रत्येक शिक्षक जाणतो. स्वयंअध्ययनाचा तास वेळापत्रकात लिहून ठेवला आणि त्या तासाला मुलींना वॉर्डात कामाला पाठवले, किंवा निरंतर शिक्षणाच्या कार्यशाळेत सही करून चहा पिऊन परत आलो, तर नियम पाळला जाईल आणि हेतू मात्र उपाशी राहील.

वराळी शिकवायची नाही, असा संकेत पाळणारा गुरूही शिष्याला वाऱ्यावर सोडत नव्हता, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. तो राग शिष्याच्या कानावर पडेल इतका तो स्वतः गात होता आणि शिष्य जवळपास घुटमळेल इतकी त्याला मोकळीक देत होता. स्वतः त्यागराजही सोंठी वेंकटरमणय्या यांच्या हाताखाली घडले आणि मग आपल्या वाटेने गेले. स्वयंअध्ययन म्हणजे शिक्षकाची सुट्टी, असा सोयीचा अर्थ लावला, तर आपण विद्यार्थिनींवर अन्याय करू. उलट अशा शिक्षणात शिक्षकाचे काम वाढते. पहिल्या वर्षी त्याने बोट धरायचे, दुसऱ्या वर्षी पुस्तकातला शोध घ्यायला शिकवायचे, तिसऱ्या वर्षी रुग्णाच्या केस पेपरवरून मुलीने स्वतः प्रश्न काढावेत असा आग्रह धरायचा आणि चौथ्या वर्षी तिच्या शेजारी उभे राहून शक्य तितके गप्प राहायचे. आणि या चारही वर्षांत आपण स्वतः काय नवे वाचले, कुठे अडलो, कुणाला विचारले, हे वर्गात मोकळेपणाने सांगायचे.

रुग्णालयांनाही थोडे करता येण्याजोगे आहे. वॉर्डात औषधांचे अद्ययावत पुस्तक हाताशी असावे, रात्रपाळीच्या वेळापत्रकाशी जुळतील अशा वेळा ग्रंथालयाने ठेवाव्यात, पाळी बदलताना पाच मिनिटे एखाद्या रुग्णाबद्दल ‘आज काय नवे कळले’ एवढेच बोलले जावे, आणि शिकाऊ मुलीच्या प्रश्नाला उत्तर देणे हे ज्येष्ठ सिस्टरच्या कामाचाच भाग मानले जावे. यांतल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. लागते ती, शिकणारी मुलगी ही फुकटची कामकरी नव्हे, एवढी जाणीव. घरच्यांनीही सुट्टीत आलेल्या लेकीच्या हाती पुस्तक दिसले तर ‘परीक्षा झाली ना आता?’ असे म्हणू नये.

आणि आपण, जे आज ना उद्या कुठल्यातरी खाटेवर किंवा खाटेशेजारच्या स्टुलावर असणार आहोत, आपलेही एक देणे या हिशेबात लिहिलेले आहे. आपल्याला तत्काळ उत्तर देणारी, कधी न अडखळणारी परिचारिका आवडते. एखादी तरुण सिस्टर “मला नक्की माहीत नाही, पाहून सांगते,” असे म्हणाली, की आपल्या कपाळाला आठी पडते, ‘नवखी दिसते, दुसऱ्या कुणाला बोलवा’ असे आपण तिच्या देखत म्हणून जातो, आणि त्या एका वाक्याने तिच्या चार वर्षांच्या शिक्षणावर पाणी फिरवतो. पुढच्या वेळी तिला खात्री नसतानाही ती खात्रीने बोलेल, आणि त्याची किंमत कुणीतरी रुग्णच मोजेल. आपले अज्ञान प्रामाणिकपणे ओळखणे ही स्वतःहून शिकण्याची पहिली पायरी आहे, आणि ती चढायला बळ लागते. ते बळ देणे आपल्या हाती आहे. या १२ मे रोजी हार आणि पेढे यांच्या जोडीने आपण एवढे ठरवू, की ‘पाहून सांगते’ असे म्हणून केस पेपर पुन्हा वाचायला गेलेल्या परिचारिकेची आपण शांतपणे वाट पाहू, आणि ती परत आली की तिचे मनापासून आभार मानू.